विश्लेषण : राजाविरुद्ध लढलेल्या सैनिकांचा बचाव लष्करी न्यायालयात कसा झाला? भुलाभाई देसाईंची अखेरची वकिली…

दक्षिण मुंबईत ब्रीच कँडीच्या बाजूने समुद्रालगत जाणाऱ्या रस्त्याला भुलाभाई देसाई मार्ग म्हणतात. पूर्वीचा हा वॉर्डन रोड. टॅक्सीवाल्याला आजही जुनेच नाव पटकन कळते. पाटीवरचे भुलाभाई कोण, हे मात्र त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या अनेकांना सांगता येणार नाही. १९४५ च्या हिवाळ्यात दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या तीन अधिकाऱ्यांवर खटला चालला, त्याचा बचाव या मुंबईकर वकिलाने केला. न्यायालय लष्करी होते, गुन्हा मुलकी कायद्यातला होता आणि बचाव आंतरराष्ट्रीय कायद्याचा. असा तिहेरी पेच भारतातील क्वचितच एखाद्या फौजदारी वकिलापुढे आला असेल.

भुलाभाई मुंबईत कसे आले?

भुलाभाई जीवनजी देसाई यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८७७ चा, वलसाडजवळच्या चिखली गावचा. तेव्हा हा सगळा भाग मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे हुशार मुलगा शिकायला मुंबईत येणे ओघानेच आले. भरडा हायस्कूल, मग एल्फिन्स्टन कॉलेज. इतिहास आणि अर्थशास्त्रात ते पहिले आले, इंग्रजीत एम. ए. झाले आणि अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी आणि इतिहास शिकवू लागले. प्राध्यापकी करता करताच त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १९०५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिलीची सनद घेतली.

त्या काळातील मुंबईचा वकीलवर्ग म्हणजे दिग्गजांचा मेळा. जिना तिथेच होते. इंग्रज बॅरिस्टरांचा दबदबा ओसरत होता आणि हिंदी वकील पुढे येत होते. भुलाभाईंची ख्याती प्रामुख्याने दिवाणी आणि व्यापारी दाव्यांतली. गुंतागुंतीचे कागद एकदा वाचले की टिपणाकडे फारसे न पाहता तासन् तास मुद्देसूद बोलायचे, ही त्यांची पद्धत होती. पुढे स्वतंत्र भारताचे पहिले ॲटर्नी जनरल झालेले मोतीलाल सेटलवाड त्यांच्याच चेंबरमध्ये तयार झाले. भुलाभाईंनी काही काळ मुंबई इलाख्याचे ॲडव्होकेट जनरल म्हणून सरकारची बाजूही सांभाळली. म्हणजे १९४५ मध्ये सरकारविरुद्ध उभा राहिलेला हा माणूस सरकारी वकिली आतून ओळखून होता.

बार्डोलीने काय बदलले?

राजकारणात भुलाभाई उशिरा आणि बिचकतच आले. आधी ॲनी बेझंट यांची होमरूल लीग, मग मवाळांचा लिबरल पक्ष. सायमन आयोगाच्या प्रश्नावरून ते तिथून बाहेर पडले. पण त्यांना खऱ्या अर्थाने ओढून नेले ते बार्डोलीने. १९२८ मध्ये सुरत जिल्ह्यातील या तालुक्यावर सुमारे २२ टक्के शेतसारा वाढवण्यात आला. वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तो भरायला नकार दिला. तडजोड झाली आणि चौकशी समिती नेमली गेली. तिचे सदस्य होते न्यायखात्याचे ब्रूमफील्ड आणि महसूल खात्याचे मॅक्सवेल. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. शेतकऱ्यांची बाजू मांडायला त्यांच्यासमोर भुलाभाई उभे राहिले. समितीने अखेर वाढ जेमतेम सहा टक्क्यांच्या आसपास ठेवावी असे सुचवले.

बार्डोलीत तोफखाना नव्हता, होते ते पीक-पाण्याचे तक्ते आणि भाडेपट्ट्यांचे आकडे. पण सरकारच्या नियमांनीच सरकारचा हिशेब चुकल्याचे दाखवून देता येते, हे भुलाभाईंनी तिथे अनुभवले. १९३० मध्ये ते काँग्रेसमध्ये आले. स्वदेशीसाठी कापड गिरण्यांना एकत्र आणणाऱ्या त्यांच्या सभेवर १९३२ मध्ये बंदी आली आणि त्यांना तुरुंगवास घडला. तिथे प्रकृती जी ढासळली ती कायमचीच. १९३४ मध्ये ते केंद्रीय कायदेमंडळात निवडून गेले आणि काँग्रेस पक्षाचे तिथले नेते झाले. वैयक्तिक सत्याग्रहात १९४० च्या अखेरीस पुन्हा अटक, येरवड्याचा तुरुंग आणि आजारपणामुळे १९४१ मध्ये सुटका, असा क्रम पुढे चालू राहिला.

मग पक्षानेच त्यांना का डावलले?

१९४२ च्या आंदोलनात नेहरू, पटेल, आझाद यांच्यासह काँग्रेस कार्यकारिणी अहमदनगरच्या किल्ल्यात बंद होती. भुलाभाई बाहेर होते. कोंडी फोडण्यासाठी त्यांनी मुस्लीम लीगचे लियाकत अली खान यांच्याशी बोलणी केली आणि जानेवारी १९४५ च्या सुमारास एक मसुदा तयार झाला. केंद्रातील हंगामी सरकारात काँग्रेस आणि लीग यांना समान जागा, उरलेल्या जागा इतरांना, असा त्याचा गाभा. गांधीजींना या बोलण्यांची कल्पना होती, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण गोष्ट उघड होताच जिनांनी हात झटकले, लियाकत अलींनी अंग काढून घेतले आणि तुरुंगातून सुटून आलेल्या काँग्रेस नेत्यांना भुलाभाईंनी परस्पर सौदा केला असे वाटले. १९४५ च्या निवडणुकीत त्यांना उमेदवारी मिळाली नाही. दहा वर्षे कायदेमंडळात पक्षाचा आवाज असलेल्या माणसाला ६८ व्या वर्षी बाजूला केले गेले.

आणि त्याच सुमारास त्याच पक्षाला एका वकिलाची गरज पडली. सप्टेंबर १९४५ मध्ये मुंबईत अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक झाली. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांच्या पाठीशी उभे राहण्याचे ठरले आणि बचाव समिती तयार झाली. तेज बहादूर सप्रू, कैलासनाथ काटजू, असफ अली अशी मोठी नावे तिच्यात होती. दोन दशकांहून अधिक काळानंतर बॅरिस्टरचा झगा अंगावर चढवून नेहरूही पहिल्या दिवशी हजर राहिले. त्याच्या छायाचित्राला प्रसिद्धी मिळाली. सप्रूंची प्रकृती साथ देईना, तेव्हा खटल्याचे ओझे भुलाभाईंच्या खांद्यावर आले. त्यांची स्वतःची प्रकृतीही काही धड नव्हती. उमेदवारी नाकारल्याचा सल त्यांनी मध्ये येऊ दिला नाही. ब्रीफ हाती आले आणि ते दिल्लीला गेले.

आरोप नेमके कोणते होते?

आरोपी तिघे. कॅप्टन शाहनवाझ खान, कॅप्टन प्रेमकुमार सहगल आणि लेफ्टनंट गुरुबक्षसिंग धिल्लन. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. तिघांना एकत्र आणि तेही लाल किल्ल्यात उभे करण्याचा निर्णय सरकारला किती महागात पडणार आहे, याचा अंदाज बहुधा कोणाला आला नसावा. बहादूरशाह जफरवर १८५८ मध्ये खटला चालला तोही याच किल्ल्यात आणि तोही लष्करी आयोगापुढे.

तिघांवरही पहिला आरोप राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा होता, म्हणजे भारतीय दंड संहितेचे कलम १२१. त्याला शिक्षा दोनच : फाशी किंवा जन्मठेप काळे पाणी. याशिवाय मार्च १९४५ मध्ये ब्रह्मदेशात पोपाच्या परिसरात सेना सोडून पळू पाहणाऱ्या चार शिपायांना गोळ्या घातल्याबद्दल धिल्लन यांच्यावर खुनाचा आणि सहगल यांच्यावर खुनाच्या अपप्रेरणेचा आरोप होता. अशाच आणखी एका तोफखान्याच्या जवानाच्या प्रकरणात शाहनवाझ यांच्यावर अपप्रेरणेचा आरोप होता.

दंड संहितेतला गुन्हा लष्करी न्यायालयात कसा?

इथे थोडे थांबून समजून घ्यायला हवे. लष्करी कायद्यात दोन प्रकारचे गुन्हे असतात. पळून जाणे, हुकूम न मानणे, पहाऱ्यावर झोपणे हे केवळ सैनिकच करू शकतो असे गुन्हे. आणि खून, चोरी, राजद्रोह असे कोणीही करू शकेल असे मुलकी गुन्हे. १९११ च्या भारतीय सैन्य कायद्यातील कलम ४१ नुसार सैनिकाने मुलकी गुन्हा केला तर त्याचा खटला लष्करी न्यायालयात चालवता येत असे. सरकारने हाच मार्ग धरला. तिघेही अजून ब्रिटिश हिंदी सैन्याचेच अधिकारी आहेत, हे त्यात गृहीत होते. बचावाला नेमके तेच मान्य नव्हते.

वकिलाच्या दृष्टीने यातून फार मोठा फरक पडतो. उच्च न्यायालयात समोर न्यायाधीश असतो. जनरल कोर्ट मार्शलमध्ये समोर लष्करी अधिकारी असतात, तेच वस्तुस्थिती ठरवतात आणि शिक्षाही. या न्यायालयाचे अध्यक्ष होते मेजर जनरल ब्लॅक्सलँड. एकूण सात सदस्यांपैकी तीन हिंदी होते. कायद्याचा सल्ला द्यायला जज ॲडव्होकेट म्हणून कर्नल केरिन होते, पण त्यांना मत नव्हते. निकालपत्र लिहिण्याची पद्धत नव्हती. दोषी की निर्दोष एवढेच सांगायचे, का ते सांगायचे नाही. वरच्या न्यायालयात अपिलाचीही सोय नव्हती. दोषी ठरवल्याचा निष्कर्ष आणि शिक्षा सरसेनापतीसारख्या अधिकाऱ्याने कायम केल्याशिवाय अमलात येत नसे. माफ करायची की कमी करायची, हेही त्याच्याच हाती. म्हणजे वकिलाचा युक्तिवाद ऐकणारा एक आणि अखेरचा शब्द दुसऱ्याचा, जो न्यायालयात बसलेलाही नाही.

सरकारतर्फे भारताचे ॲडव्होकेट जनरल सर नौशेरवान इंजिनियर उभे होते. तेही मुंबईच्याच वकीलवर्गातले. त्यामुळे दोन्ही बाजूंना मुंबई उच्च न्यायालयाच्या परंपरेत घडलेले वकील आणि मधे खाकी गणवेशातले सात अधिकारी, असे दृश्य होते. ५ नोव्हेंबर १९४५ ला कामकाज सुरू झाले. बचावाने तयारीसाठी वेळ मागितला आणि सरकारी बाजूचे प्रास्ताविक व पहिल्या साक्षीनंतर सुनावणी २१ नोव्हेंबरपर्यंत पुढे गेली. त्याच दिवशी कोलकात्यात विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला, गोळीबार झाला आणि शहर दोन-तीन दिवस पेटले.

बचावापुढे कोणते मार्ग होते?

सोपे मार्ग होते. जपान्यांच्या धाकामुळे सामील झालो, असे सांगता आले असते. युद्धकैद्यांचे हाल कमी व्हावेत म्हणून वरवर सामील झालो, असेही म्हणता आले असते. फौजदारी वकील सहसा असाच मार्ग शोधतो, कारण त्याचे पहिले काम अशिलाचा जीव वाचवणे असते. पण आरोपींना हे नको होते. आपण जे केले ते देशासाठी समजून-उमजून केले, हेच त्यांना न्यायालयात सांगायचे होते आणि तिघांनी आपल्या निवेदनांत तसे सांगितलेही. मग वकिलाने काय करायचे? कृत्य नाकारायचे नाही, पण ते गुन्हा नाही असे सिद्ध करायचे. भुलाभाईंनी हा अवघड रस्ता पत्करला. अशिलाचा जीव आणि अशिलाचा सन्मान यांत वकिलाने काय आधी ठेवावे, हा प्रश्न आजही फौजदारी वकिलाला पडतो. लाल किल्ल्यात तो देशभर वर्तमानपत्र वाचणाऱ्यांसमोर सोडवला जात होता.

त्यासाठी त्यांनी साक्षीदार निवडले तेही वेगळ्या धाटणीचे. सुभाषबाबूंच्या हंगामी सरकारातील मंत्री एस. ए. अय्यर आले, लेफ्टनंट कर्नल लोगनादन आले आणि थेट जपानहून परराष्ट्र खात्याचे वरिष्ठ अधिकारी आणले गेले. हंगामी सरकार हे कागदी बाहुले नव्हते, त्याला स्वतःचे मंत्रिमंडळ, खजिना, बँक, सैन्य आणि सैन्याचा स्वतःचा कायदा होता, हे त्यांच्या तोंडून नोंदवून घ्यायचे होते. २१ ऑक्टोबर १९४३ ला सिंगापुरात जाहीर झालेल्या या सरकारला जपान, जर्मनीसह नऊ राज्यांनी मान्यता दिली होती. त्यातली बरीचशी जपान किंवा जर्मनीच्या छायेतली होती, हे खरे आहे. सरकारी पक्षाने त्यावर बोट ठेवलेच.

मुख्य युक्तिवाद काय होता?

१७ आणि १८ डिसेंबरला, दोन दिवस, सुमारे दहा तास भुलाभाई बोलले. हातात मोजकीच टिपणे होती. मांडणीचा कणा असा होता : देशांतर्गत कायदा एका सरकारच्या हद्दीतील माणसांना लागू होतो. पण दोन राजकीय सत्ता समोरासमोर युद्ध करत असतील, तर त्या युद्धात शस्त्र चालवणाऱ्याचे कृत्य दंड संहितेने मोजता येत नाही. शत्रूच्या सैनिकाने गोळी झाडली तर कोणी त्याच्यावर खुनाचा खटला भरत नाही. प्रश्न एवढाच, की पारतंत्र्यात असलेल्या लोकांना असे युद्ध पुकारणारी सत्ता उभारता येते का?

येते, असे त्यांचे म्हणणे होते आणि दाखले त्यांनी ब्रिटिशांच्याच इतिहासातून काढले. अमेरिकेच्या वसाहती इंग्लंडच्या राजाविरुद्धच लढल्या आणि स्वतंत्र झाल्या. स्वतः इंग्रजांनी एका राजाचा शिरच्छेद केला आणि दुसऱ्याला पळवून लावले. ग्रीक तुर्कांशी लढत होते तेव्हा लंडनने त्यांना युद्धमान पक्ष मानले. दक्षिण अमेरिकेतील स्पेनच्या वसाहतींबाबतही तेच. आणि ताजा दाखला फ्रान्सचा. जर्मन ताब्यातील फ्रान्समध्ये लढणाऱ्या गटांना सैनिक म्हणून वागवा, असे दोस्तराष्ट्रांनीच बजावले होते. ज्या तत्त्वावर फ्रेंच भूमिगतांना सैनिकाचा दर्जा मागितला, तेच तत्त्व हिंदी माणसाच्या वाट्याला का येऊ नये, हा या सगळ्यामागचा सवाल होता.

दुसरा मुद्दा राजनिष्ठेचा. इथे भुलाभाईंनी फेब्रुवारी १९४२ चे सिंगापूर उभे केले. १५ फेब्रुवारीला ब्रिटिशांनी शरणागती पत्करली. १७ तारखेला चाळीस हजारांहून अधिक हिंदी सैनिकांना फॅरर पार्कच्या मैदानात गोळा करण्यात आले. गोऱ्यांना वेगळे काढले गेले आणि एका ब्रिटिश अधिकाऱ्याने हिंदी सैनिकांना रीतसर जपान्यांच्या हवाली केले. इथून पुढे त्यांचे हुकूम पाळा, असे सांगून. भुलाभाईंचा तर्क असा : ज्या राजाने स्वतःच सैनिकांना सोडून दिले, त्याने निष्ठा कशाच्या बळावर मागायची? आणि राजा व देश हे स्वतंत्र देशात एकच असतात, गुलाम देशात नसतात. तिथे दोघांतून एक निवडायची वेळ आली, तर देश निवडणाऱ्याला गद्दार म्हणता येईल का?

हा भाग ऐकायला भावनिक वाटतो, पण त्यामागे नेमका कायदेशीर डाव होता. सैन्य कायदा लागू व्हायचा तर आरोपी सैन्याच्या बंधनात असायला हवा. ते बंधनच तुटले असेल, तर न्यायालयाच्या अधिकाराचा पायाच डळमळतो. याशिवाय युद्धाचा आरोप आणि वेगवेगळ्या खुनांचे आरोप, तेही वेगवेगळ्या आरोपींवरचे, एकाच खटल्यात कोंबणे बेकायदा आहे, असा तांत्रिक आक्षेपही त्यांनी नोंदवला. मोठ्या तत्त्वाच्या नादात छोटा मुद्दा सोडायचा नाही, ही दिवाणी वकिलीतली जुनी सवय.

खुनाच्या आरोपांचे काय?

या भागात भुलाभाई पूर्णपणे फौजदारी वकील झाले. पळपुट्यांना शिक्षा सुनावल्याच्या नोंदी कागदांत होत्या. पण शिक्षा सुनावणे वेगळे आणि ती अमलात आणणे वेगळे. प्रत्यक्ष गोळ्या घातल्याचे सांगणारे साक्षीदार मोजकेच होते आणि उलटतपासणीत त्यांच्या सांगण्यातल्या फटी दिसल्या. बचावाची मांडणी दुपदरी होती. पहिले, माणसे मारली गेली हेच संशयातीत सिद्ध झालेले नाही. दुसरे, झाले असे धरले तरी ती एका सैन्याने आपल्या कायद्याप्रमाणे पळपुट्याला दिलेली शिक्षा आहे आणि मुख्य मुद्दा मान्य झाला तर तिला खून म्हणता येणार नाही. असा पर्यायी बचाव मांडताना धोका असतो. ऐकणाऱ्याला वाटू शकते, की वकिलाचा पहिल्या म्हणण्यावर स्वतःचाच विश्वास नाही. इथे तो धोका निभावला, हे निकालात दिसले.

सर नौशेरवान इंजिनियर यांचे उत्तरही हलके नव्हते. २२ डिसेंबरला त्यांनी सांगितले, की हे न्यायालय हिंदुस्थानच्या कायद्याने बांधलेले आहे. कैदी झाल्याने सैनिकाची निष्ठा संपत नाही. प्रजाजनांनी स्वतःला सरकार म्हणवून घेतले म्हणून दंड संहिता थांबत नाही, आणि हंगामी सरकार जपानच्या बळावरच उभे होते. आजच्या काळातही कुठल्याही देशाचे न्यायालय बहुधा याच बाजूला झुकेल, हे मान्य करायला हवे. बंडखोराला युद्धमान पक्षाचा दर्जा मिळतो तो बहुतेक वेळा रणांगणावर किंवा वाटाघाटीच्या टेबलावर, न्यायालयात क्वचितच.

निकाल काय लागला?

३१ डिसेंबरला कामकाज संपले. ३ जानेवारी १९४६ ला निकाल जाहीर झाला. राजाविरुद्ध युद्ध केल्याच्या आरोपात तिघेही दोषी. धिल्लन खुनातून आणि सहगल अपप्रेरणेतून सुटले, शाहनवाझ मात्र अपप्रेरणेत दोषी ठरले. कलम १२१ मध्ये जन्मठेपेखाली उतरायला वावच नसल्याने न्यायालयाने तिघांना जन्मठेप काळे पाणी, बडतर्फी आणि थकीत वेतन-भत्त्यांची जप्ती अशी शिक्षा दिली. सरसेनापती ऑकिनलेक यांनी दोषसिद्धी कायम ठेवली, बडतर्फी आणि जप्तीही ठेवली, पण जन्मठेप माफ केली. तिघे मोकळे झाले.

म्हणजे भुलाभाई हरले की जिंकले? नोंदीत बघितले तर हरले. न्यायालयाने त्यांचा मोठा मुद्दा स्वीकारला नाही. नाकारण्याची कारणेही दिली नाहीत, कारण कोर्ट मार्शल कारणे देत नव्हते. त्यामुळे दहा तासांच्या त्या युक्तिवादाला लेखी न्यायालयीन उत्तर कधी मिळालेच नाही. पण कायद्याच्या रचनेत अखेरचा शब्द सरसेनापतीचा होता आणि त्याच्या कानावर न्यायालयाबाहेरचा आवाज पोहोचत होता. शिक्षा अमलात आणली तर सैन्यातच अस्वस्थता पसरेल, हे ऑकिनलेक यांनी पुढे आपल्या वरिष्ठ ब्रिटिश अधिकाऱ्यांना लिहून कळवले. तो आवाज निर्माण होण्यात भुलाभाईंनी उभी केलेली बाजू, रोज छापून येणारे वृत्तांत आणि रस्त्यावरची माणसे, सगळ्यांचाच हात होता. पुढच्या खटल्यांत युद्ध पुकारल्याचा आरोप सरकारने मागे टाकला आणि कैद्यांवरील क्रौर्याच्या आरोपांवरच भर दिला.

आजचा कायदा किती वेगळा?

कलम ४१ ची जागा आता १९५० च्या सैन्य कायद्यातील कलम ६९ ने घेतली आहे. मुलकी गुन्ह्याचा खटला लष्करी न्यायालयात चालवण्याची तरतूद तीच. मात्र सैन्य कायद्याखाली नसलेल्या व्यक्तीचा खून, सदोष मनुष्यवध किंवा बलात्कार असेल, तर कलम ७० नुसार सक्रिय सेवा, परदेश किंवा सरकारने जाहीर केलेली सीमाचौकी असे अपवाद वगळता तो खटला साध्या फौजदारी न्यायालयातच जातो. मुंबईत १९५९ मध्ये नौदलाचे कमांडर नानावटी यांचा खटला सत्र न्यायालयात चालला आणि ते नौदलाच्या कोठडीत राहावेत की नाही यावरून राज्यपाल आणि न्यायालय यांच्यात पेच उभा राहिला, तो याच सीमारेषेवरचा. युद्ध पुकारण्याचे कलम १२१ आता भारतीय न्याय संहितेत कलम १४७ झाले आहे.

सर्वांत मोठा बदल अपिलाचा. राज्यघटनेने लष्करी न्यायालयांना सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष परवानगीच्या अपिलातून आणि उच्च न्यायालयांच्या देखरेखीतून बाहेर ठेवले होते, रिट याचिकेचा रस्ता तेवढा उरला होता. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आले आणि कोर्ट मार्शलच्या निकालाविरुद्ध अपील करता येऊ लागले. भुलाभाईंच्या वेळी हे असते, तर लाल किल्ल्यातील प्रश्नाला बहुधा लेखी उत्तर मिळाले असते.

पुढे काय झाले?

सहगल यांनी १९४७ मध्ये झाशीची राणी पलटणीच्या कॅप्टन लक्ष्मी यांच्याशी लग्न केले आणि ते कानपुरात स्थायिक झाले. शाहनवाझ खासदार आणि मंत्री झाले. सुभाषबाबूंच्या मृत्यूची चौकशी करणारी १९५६ ची समिती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. धिल्लन मध्य प्रदेशात शिवपुरीजवळ राहिले आणि २००६ पर्यंत जगले.

भुलाभाईंना एवढा काळ मिळाला नाही. खटल्याच्या श्रमांनी आधीच खचलेली प्रकृती पूर्ण कोसळली. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या बंदरात नौसैनिकांनी बंड केले, आझाद हिंदच्या कैद्यांना सोडा ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. तेव्हा भुलाभाई अंथरुणाला खिळलेले होते. ६ मे १९४६ ला मुंबईत त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्याला तेव्हा सव्वा वर्ष बाकी होते. वॉर्डन रोडवर पुढे त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. हुसेन आणि गायतोंडे तिथे चित्रे काढत, रविशंकर सतार शिकवत, अल्काझी नाटकांच्या तालमी घेत. सेटलवाड यांनी आपल्या या वरिष्ठ वकिलाचे चरित्र लिहिले. ते भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने काढले.